जखमी हेलिकॉप्टर आणि लाल फुली

तुम्ही सायकलवरून शाळेला निघाला आहात. वाटेत मडगार्डाचा स्क्रू पडला आणि मडगार्ड खडखडू लागले, तर काय कराल? आवाज सहन करीत शाळा गाठाल. चाकाची एक तार तुटली, तरी ‘संध्याकाळी दुकानात नेऊ’ म्हणून पुढे जाल. पण ब्रेकची तार एका टोकाला उसवलेली दिसली आणि पुढे मोठा उतार असला, तर? शहाणा मुलगा सायकलवरून उतरून ती हाताने ढकलीत नेईल.

यातला आवाज मडगार्डाचा सर्वांत मोठा होता. ब्रेकची उसवलेली तार तर वाकून पाहिल्याशिवाय दिसतही नाही. तरीसुद्धा थांबायचे कोणत्या बिघाडासाठी आणि पुढे जायचे कोणता बिघाड घेऊन, हे तुम्ही बरोबर ओळखलेत. भाग काय काम करतो, हे तुम्हाला माहीत होते म्हणूनच ते जमले.

रणांगणावर गोळ्या लागून परत आलेल्या हेलिकॉप्टरपुढे उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला हाच निर्णय घ्यावा लागतो. फरक इतकाच की, त्याच्या हेलिकॉप्टरमध्ये दहा-बारा माणसे बसायची असतात आणि चुकीचे परिणाम आकाशात भोगावे लागतात. हे काम कसे चालते, त्यामागे शाळेत शिकलेलेच पदार्थविज्ञान कसे असते, हे या लेखात पाहू.

व्हिएतनाममधील ‘ह्युई’

हेलिकॉप्टर-दुरुस्तीचा सर्वांत मोठा अनुभव व्हिएतनामच्या युद्धात मिळाला. १९६५ नंतर अमेरिकेने तेथे फार मोठ्या प्रमाणावर हेलिकॉप्टरे वापरली. साऱ्या युद्धात मिळून ती सुमारे बारा हजार होती आणि त्यांपैकी जवळजवळ पाच हजार नष्ट झाली. काही गोळ्यांनी पडली, तर बरीचशी अपघातांत गेली. ज्या युद्धात लाखो व्हिएतनामी माणसे मेली, त्यातल्या यंत्रांचाच विचार आपण येथे करणार आहोत. परंतु या यंत्रांची आणखी एक बाजू ध्यानात ठेवावी. जखमी सैनिकांना रुग्णालयात नेण्याचे कामही हीच हेलिकॉप्टरे करीत. त्यामुळे दुरुस्तीला किती वेळ लागतो, यावर कोणाचे तरी प्राण अवलंबून असत.

यातले सर्वांत परिचित हेलिकॉप्टर म्हणजे बेल कंपनीचे यूएच-१. सैनिक त्याला ‘ह्युई’ म्हणत. त्याचे पहिले उड्डाण १९५६ मध्ये झाले. त्याच्या एच या प्रकाराच्या मुख्य पंख्याचा व्यास १४.६३ मीटर होता आणि पाती दोनच होती. तराजूची दांडी मध्ये टेकवावी तशी ही दोन पाती मध्यभागी एका आडव्या कण्यावर डोलत. टर्बाइन इंजिनाचा दांडा मिनिटाला ६,६०० फेरे फिरे. गिअरबॉक्समधील दंतचक्रे ही गती सुमारे वीसपट कमी करून मुख्य पंखा मिनिटाला ३२४ फेऱ्यांनी फिरवीत. मागे शेपटीवर एक लहान पंखा असे. मुख्य पंखा एका दिशेने फिरला की हेलिकॉप्टरचे धड उलट दिशेने फिरू पाहते. त्याला रोखून धरणे हे शेपटीच्या पंख्याचे काम.

आता अशा हेलिकॉप्टरला चार गोळ्या लागल्या, असे समजा. एक दाराजवळ पत्र्यातून आरपार गेली. एक पात्याला लागली. एक पोटाखालच्या इंधनटाकीत शिरली. चौथी शेपटीच्या पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याला नुसती चाटून गेली. सर्वांत मोठे भोक अर्थात दारापाशी आहे. तंत्रज्ञाने सुरुवात कोठून करावी? एकेक जखम तपासू.

पत्र्यातील भोक

हेलिकॉप्टरचे अंग म्हणजे आत बारीक फासळ्या आणि वरून अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा. हा पत्रा वारा-पाऊस अडवतो, तसा भारही वाहतो. पत्र्याचा रिकामा डबा पिळून पाहा. सहज पिळता येत नाही. त्याला चार ठिकाणी कापा, मग पाहा. पत्र्यात भोक पडले की त्या जागेवरून जाणारा ताण भोकाला वळसा घालून जातो आणि भोकाच्या कडेशी त्याची गर्दी होते.

ही गर्दी किती होते? १९१३ साली इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने याचे सुंदर सूत्र मांडले. पत्रा दोन्ही बाजूंनी ओढला आणि त्यात गोल भोक असले, तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. पण ओढीच्या आडवी, लांबी रुंदीच्या दहापट असलेली लंबगोल फट असेल, तर फटीच्या टोकाशी तो एकवीसपट होतो! म्हणजे मोठ्या गोल भोकापेक्षा लहान पण टोकदार चीर जास्त घातक.

याचा अनुभव तुम्ही रोज घेता. बिस्किटाच्या पुड्याचा गुळगुळीत कागद हाताने फाडू गेलात तर फाटत नाही. कडेला कात्रीने जरासा काप दिला की तोच कागद सर्रकन फाटतो.

करून पाहा: अशाच गुळगुळीत वेष्टनाच्या सारख्या मापाच्या सात-आठ पट्ट्या कापा. अर्ध्या पट्ट्यांच्या कडेला कात्रीने एक सेंटिमीटरचा काप द्या. उरलेल्या पट्ट्यांना तसाच काप द्या, पण कापाचे आतले टोक कागदाला भोके पाडायच्या पंचने गोल करा. आता कापाच्या दोन्ही बाजू धरून फाडा. टोक गोल केलेली पट्टी फाडायला अधिक जोर लागतो, असे आढळेल.

रणांगणावरचा तंत्रज्ञ हेच करतो. गोळीने पाडलेले भोक वेडेवाकडे, दातेरी असते. तो आधी ते कापून मोठे करतो! पाहणाऱ्याला वाटेल, हा बिघाड वाढवतो आहे. पण तो दातेरी टोके काढून कडा गोल व गुळगुळीत करीत असतो. पत्र्याला लांब चीर गेली असेल, तर चिरेचे टोक शोधून तेथे ड्रिलने एक बारीक गोल भोक पाडतो. चीर तेथे येऊन थांबते.

मग ठिगळ. ठिगळाचा पत्रा त्याच जातीचा, निदान तेवढ्याच जाडीचा. भोकाच्या चारी बाजूंना तो पुरेसा पुढे यावा लागतो आणि रिव्हेटांनी ठोकला जातो. रिव्हेट किती? कापून टाकलेला पत्रा जेवढा भार वाहत होता, तेवढा भार भोकाच्या अलीकडच्या रिव्हेटांनी ठिगळात पोहोचवायचा आणि पलीकडच्या रिव्हेटांनी परत पत्र्यात सोडायचा, असा तो हिशेब. रिव्हेट कडेच्या फार जवळ मारला तर कडाच फाटते. म्हणून कडेपासून रिव्हेटच्या मध्यापर्यंतचे अंतर त्याच्या व्यासाच्या किमान दुप्पट ठेवतात. हाताशी पोलादी पत्रा आहे म्हणून तो अॅल्युमिनियमवर ठोकून भागत नाही. दोन वेगळे धातू आणि मध्ये दमट, खारी हवा म्हणजे छोटा विद्युत्-घटच झाला. त्यात अॅल्युमिनियम झिजत जाते.

आणि अगदी लहान भोके? ज्या पत्र्यावर फारसा भार नसतो, तेथील भोकावर हिरवी चिकटपट्टी लावली जाई. ती ताशी शंभर मैलांच्या वाऱ्यातही सुटत नाही, अशी ख्याती असल्यामुळे सैनिक तिला ‘ताशी शंभर मैलांची पट्टी’ म्हणत. दाराजवळचे ते मोठे भोक दिसायला भयंकर. पण त्याखालची फासळी शाबूत असेल, तर त्याचा नंबर सर्वांत शेवटी.

पन्नास ग्रॅमची किंमत

आता पाते. ह्युईच्या पात्याच्या पुढच्या कडेला अॅल्युमिनियमचा भक्कम पोकळ कणा असे. मागचा भाग म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी हलकी जाळी आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी चिकटवलेला पातळ पत्रा. गोळी जाळीच्या भागातून गेली असेल आणि भोक ठरवून दिलेल्या मर्यादेत असेल, तर ते साफ करून वर ठिगळ चिकटवता येते. गोळी कण्याला लागली असेल, तर मात्र पाते उतरवायचे.

असे का? हिशेब करून पाहू. मिनिटाला ३२४ फेरे म्हणजे सेकंदाला ५.४ फेरे. कोनीय वेग सुमारे ३३.९ रेडियन प्रति सेकंद आणि त्याचा वर्ग सुमारे १,१५०. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला आत धरून ठेवण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल म्हणजे वस्तुमान, कोनीय वेगाचा वर्ग आणि त्रिज्या यांचा गुणाकार. पात्याचे वस्तुमान नव्वद किलोग्रॅमच्या आसपास आणि त्याचा गुरुत्वमध्य पंख्याच्या मध्यापासून साडेतीन मीटरांवर धरला, तर हे बल साडेतीन लाख न्यूटनांहून जास्त येते. म्हणजे प्रत्येक पाते मध्यापासून सुटून जाऊ नये म्हणून पस्तीस टनांहून अधिक ओढ सांभाळावी लागते. ती सांभाळतो तो कणा. शिवाय प्रत्येक फेऱ्यात पाते वर-खाली वाकते. तासाला १९,४४० फेरे, तितक्या वेळा ते वाकणार. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. धातूच्या या थकव्यामुळे कण्यातली नखाएवढी चीरही तासागणिक वाढत जाते.

आता ठिगळाकडे वळू. मध्यापासून सहा मीटरांवर तुम्ही पन्नास ग्रॅमचे ठिगळ लावले, समजा. पन्नास ग्रॅम म्हणजे एक मोठा लिंबू. त्याला लागणारे बल:

०.०५ × १,१५० × ६ = ३४५ न्यूटन

म्हणजे सुमारे पस्तीस किलोग्रॅम वजनाइतकी ओढ. एका पात्यावर ही जास्तीची ओढ आहे आणि समोरच्या पात्यावर नाही. त्यामुळे सेकंदाला पाच वेळांहून अधिक दिशा बदलत हा पस्तीस किलोंचा हिसका साऱ्या हेलिकॉप्टरला बसत राहणार. घरातल्या छताच्या पंख्याचे एक पाते वाकले की तो कसा डुलतो, ते आठवा. येथे तर त्या पंख्यालाच माणसे लटकलेली असतात!

म्हणून पात्याला ठिगळ लावले की दोन्ही पात्यांचा समतोल पुन्हा जुळवावा लागतो. यासाठी ह्युईच्या तंत्रज्ञांची युक्ती साधी होती. एका पात्याभोवती चिकटपट्टीचा एखादा वेढा द्यायचा आणि पंखा फिरवून पाहायचा. हिसका कमी झाला तर आणखी एक वेढा. वाढला तर पट्टी काढून दुसऱ्या पात्यावर. समतोल साधला की त्या पट्टीच्या वजनाचा हिशेब करून, पाते जोडणाऱ्या पोकळ बोल्टमध्ये त्या प्रमाणात शिसे भरायचे.

दुसरी तपासणी त्याहून मजेदार. दोन्ही पाती फिरताना एकाच पातळीतून जायला हवीत. ठिगळामुळे किंवा किंचित वाकल्यामुळे एक पाते जरा वरून जाऊ लागले तरी थरथर सुरू होते. पण पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २४८ मीटर. डोळ्यांना ते दिसणार कसे? उपाय असा: एका पात्याच्या टोकाला लाल खडू फासायचा, दुसऱ्याच्या निळा. लांब काठीवर कॅनव्हासची उभी पट्टी निशाणासारखी ताणून बांधायची. पंखा फिरत असताना एक तंत्रज्ञ ती काठी हळूच पुढे आणतो आणि पात्यांची टोके पट्टीला स्पर्शतात न स्पर्शतात तोच मागे घेतो. पट्टीवर दोन खुणा उमटतात. लाल व निळी खूण एकाच उंचीवर असतील तर ठीक. नसतील तर त्यांतले अंतर हेच दुखण्याचे माप. मग पात्याचा कोन सांधणाऱ्या दांड्याची लांबी थोडी कमी-जास्त करायची आणि पुन्हा पट्टी धरायची. पुढे या कामासाठी लुकलुकणाऱ्या प्रखर दिव्याची उपकरणे आली. पण खडू आणि कॅनव्हास यांनी हजारो हेलिकॉप्टरे उडवली.

न दिसणाऱ्या जखमा

इंधनटाकीतील गोळीचे काय? टाकीच्या भिंतीतच उपाय करून ठेवता येतो. तिच्या दोन थरांमध्ये कच्च्या रबराचा थर असतो. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते. गोळी आरपार गेली की बाहेर झिरपणारे इंधन या थराला भिजवते, रबर फुगते आणि भोक आपोआप आवळले जाते. साधे रबरबँड टर्पेंटाइनमध्ये काही तास ठेवून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, हा फुगण्याचा गुण पाहता येईल. अर्थात यामुळे गळती थांबते. टाकी नवी होत नाही. १९७० पासून अमेरिकी सैन्याने ह्युईमध्ये आदळले तरी सहजी न फुटणाऱ्या टाक्या आणि तुटताच स्वतः बंद होणारे नळीजोड बसवायला सुरुवात केली. अपघातानंतर आगीत होणारे मृत्यू त्यामुळे फार कमी झाले.

आता ती चौथी गोळी, नुसती चाटून गेलेली. शेपटीच्या पंख्याला गती नेणारा दांडा शेपटीच्या पाठीवरून जातो. त्याच्यावर एक ओरखडा उठला आहे, एवढेच. पण हा दांडा सतत पीळ सोसत असतो. ओरखडा म्हणजे टोकदार चीर आणि चिरेच्या टोकाशी ताणाची गर्दी, हे आपण पाहिलेच. दांडा हवेत तुटला तर शेपटीचा पंखा थांबेल आणि हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरू लागेल. चारही जखमांत दिसायला सर्वांत लहान असलेली हीच सर्वांत घातक! तंत्रज्ञाने सुरुवात येथून करायची. ओरखडा मर्यादेबाहेर असेल, तर दांड्याचा तेवढा तुकडा बदलल्याशिवाय हेलिकॉप्टर जमिनीवरून उचलायचे नाही.

गिअरबॉक्स उघडून पाहणे रणांगणावर शक्य नसते. तेथे तेलाकडूनच बातमी काढतात. तेलाच्या वाटेवर एक चुंबकीय डाट असतो. आतले दंतचक्र किंवा बेअरिंग झिजू लागले की पोलादाचे कण तेलाबरोबर येऊन चुंबकाला चिकटतात. कणांचा पूल जमला की विद्युत्-मंडल पूर्ण होते आणि वैमानिकापुढे दिवा लागतो. डाट काढून हातावर घेतला की अनुभवी तंत्रज्ञ कणांच्या आकारावरून अंदाज बांधतो: नुसती बारीक भुकटी म्हणजे नेहमीची झीज, पापुद्रे आणि कपचे म्हणजे आत काही तरी तुटते आहे.

लाल फुली

तपासणी झाली की निर्णय. अमेरिकी सैन्यात प्रत्येक हेलिकॉप्टरची एक नोंदवही असते आणि तिच्यात बिघाडापुढे लाल खूण करतात. तिरकी लाल रेघ म्हणजे बिघाड आहे, पण उड्डाणाला अडचण नाही. वर्तुळातली लाल फुली म्हणजे काही बंधने पाळून उडता येईल. उदाहरणार्थ, वेग ठरावीक मर्यादेपुढे न नेता. नुसती लाल फुली म्हणजे हे हेलिकॉप्टर उडणार नाही. मग वैमानिक कितीही मोठ्या हुद्द्याचा असो.

यात एक शहाणपणाचा नियम आहे. लाल फुली कोणीही घालू शकेल अशी मुभा मोठी, पण ती काढण्याचा अधिकार थोड्यांना. महत्त्वाच्या दुरुस्तीनंतर, ज्याने काम केले त्याच्याशिवाय दुसऱ्या अधिकृत निरीक्षकाने ते तपासून सही केल्यावरच फुली निघते. स्वतःच्या उत्तरपत्रिकेतली चूक स्वतःला दिसत नाही, हा तुमचाही अनुभव असेल.

रणांगणावर हे निर्णय अधिक कठीण होतात. शांततेच्या काळातील पुस्तक सांगते, ‘भाग बदला.’ भाग नसेल तर? म्हणून युद्धातील नुकसानीच्या दुरुस्तीचे वेगळे शास्त्रच पुढे तयार झाले. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात मोडकी यंत्रे झटपट दुरुस्त करून परत आणण्याचे महत्त्व दिसून आले आणि त्यानंतर अनेक देशांनी यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण सुरू केले. त्यात पहिले काम पान्याचे नसते. नुकसान पाहून निवाडा करणाऱ्याचे असते. तो ठरवतो: असेच उडू द्यायचे, तात्पुरती दुरुस्ती करायची, फक्त तळापर्यंतच्या एका उड्डाणापुरते सिद्ध करायचे, की याचे चांगले भाग काढून दुसऱ्याला लावायचे. ह्युईची शेपटी धडाला चार बोल्टांनी जोडलेली असे. त्यामुळे एकाची शेपटी मोडली आणि दुसऱ्याचे नाक, तर दोन मोडक्यांतून एक चांगले करता येई. तात्पुरत्या दुरुस्तीची मात्र वहीत नोंद हवीच. नाही तर तात्पुरते ठिगळ कायमचे होऊन बसते.

उचलून न्या!

जे हेलिकॉप्टर उडूच शकत नाही, त्याला उचलून न्यावे लागे. व्हिएतनाममध्ये हे काम प्रामुख्याने दोन मोठ्या पंख्यांच्या चिनूक हेलिकॉप्टरांनी केले. पडलेल्या यंत्रापाशी काही माणसे उतरत, पाती काढत किंवा घट्ट बांधत, पंख्याच्या मध्याला पट्टे अडकवत आणि चिनूक ते ओझे खाली लटकवून नेई.

पाती बांधायची कशासाठी? वाऱ्यात ती मोकळी राहिली तर उचल निर्माण करतील आणि लटकलेले ओझे हेलकावे खाऊ लागेल. ओझे स्वतःभोवती फिरू नये म्हणून शेपटीला लहानशी छत्री बांधत. पतंगाच्या शेपटीसारखा तिचा उपयोग होई. हेलकाव्यांचा धोका खरोखर किती असतो, ते आपल्याकडेही दिसले आहे. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी केदारनाथहून एक नादुरुस्त हेलिकॉप्टर वायुदलाच्या एमआय-१७ खाली लटकवून दुरुस्तीसाठी नेत असताना, वजन आणि वारा यांमुळे तोल बिघडू लागला. वैमानिकाने ते ओझे निर्मनुष्य जागी सोडून दिले. ओझे गेले, माणसे वाचली.

व्हिएतनाममध्ये उचलून आणलेल्या यंत्रांपैकी बरीच किनाऱ्यावरच्या कार्यशाळांत दुरुस्त होत. एक कार्यशाळा तर चक्क तरंगती होती. ‘आल्बेमार्ल’ हे सागरी विमानांची देखभाल करणारे जुने जहाज १९६५ मध्ये ‘कॉर्पस क्रिस्टी बे’ या नव्या नावाने सिद्ध केले गेले आणि १९६६ मध्ये व्हिएतनामच्या किनाऱ्यावर आले. त्यावर लेथ, झाळकाम, इंजिन आणि विद्युत् उपकरणे यांची दालने होती. हवा तो भाग नसला तर आराखडा पाहून तो जहाजावरच घडवता येई. १९७२ पर्यंत हे जहाज त्या पाण्यात काम करीत होते.

सुटे भाग नसतील तर?

मे १९८२. दक्षिण अटलांटिक महासागरातील फॉकलंड बेटांसाठी ब्रिटन आणि अर्जेंटिना यांचे युद्ध चालू होते. २५ मे रोजी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या ब्रिटिश मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्राचा मारा झाला. त्यावरील तीन चिनूक आणि सहा वेसेक्स हेलिकॉप्टरे नष्ट झाली. चौथे चिनूक, ‘ब्राव्हो नोव्हेंबर’, त्या वेळी हवेत होते म्हणून वाचले. पण त्याचे सुटे भाग, हत्यारे आणि माहितीपुस्तके जहाजाबरोबर गेली.

पुढे एका रात्री हिमवृष्टीत उंची दाखवणारे उपकरण बिघडले आणि हे चिनूक वेगात असतानाच पाण्यावर आपटले. इंजिनांत पाण्याचे फवारे गेले; तरी वैमानिकांनी ते पुन्हा वर उचलले. त्याची तपासणी झाली आणि काम पुढे चालू राहिले. युद्ध संपेपर्यंत या एका हेलिकॉप्टरने सुमारे १,५०० सैनिक, ६५० युद्धकैदी, ९५ जखमी आणि ५५० टन सामान वाहिले. येथे बदलायला भागच नव्हते. कोणता बिघाड घेऊन उडता येईल आणि कोणता नाही, हे यंत्राच्या ज्ञानावरच ठरवावे लागले. २०२२ मध्ये ते सेवेतून निवृत्त होऊन ब्रिटनमधील वायुदलाच्या संग्रहालयात ठेवले गेले.

जखमांनी शिकवलेले

दुरुस्त करणाऱ्यांच्या नोंदी पुढे आराखडे काढणाऱ्यांच्या टेबलावर गेल्या. १९७४ मध्ये प्रथम उडालेले ‘ब्लॅक हॉक’ हेलिकॉप्टर व्हिएतनामच्या अनुभवावरून घडवले आहे. त्याच्या गिअरबॉक्समधले सारे तेल गेले तरी तो सुमारे अर्धा तास चालावा, अशी अट घातली गेली. तेवढ्यात सुरक्षित जागा गाठता येते. पात्याच्या टायटॅनियमच्या पोकळ कण्यात दाबाखाली नायट्रोजन वायू भरला. कण्याला केसाएवढी चीर गेली तरी वायू निसटतो, दाब उतरतो आणि पात्याच्या मुळाशी असलेल्या दर्शकाचा रंग बदलतो. जी जखम डोळ्यांना दिसत नव्हती, ती आता पाते स्वतःच सांगते.

आजच्या हेलिकॉप्टरांत काच आणि कार्बन यांच्या तंतूंचे भाग पुष्कळ असतात. त्यांना रिव्हेटांऐवजी तंतूंच्या कापडाचे थर इपॉक्सीने चिकटवतात आणि विजेच्या गरम पट्टीने शेकून घट्ट करतात. अशा भागाला वरून साधा ठिपका दिसतो आणि आत थर सुटलेले असतात. म्हणून नाण्याने ठोकून आवाज ऐकण्याची जुनी रीत अजूनही उपयोगी पडते: भरीव आवाज चांगला, बद्द आवाज संशयाचा.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. ह्युईची रोजची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला ‘क्रू चीफ’ म्हणत. तो बहुधा विशी-बाविशीतला तरुण असे. रात्री दिव्याच्या उजेडात तो हेलिकॉप्टर दुरुस्त करी आणि सकाळी त्याच हेलिकॉप्टरच्या दारात बसून उड्डाणाला जाई. आपण आवळलेल्या नटावर तो स्वतः, आणि त्याच्याबरोबर आणखी दहा जण लटकलेले असत. ‘चालेल’ म्हणताना तो दोनदा विचार का करीत असेल, हे वेगळे सांगायला नको.

स्वाध्याय

१. मध्यापासून ७ मीटरांवर २० ग्रॅमचे ठिगळ लावले, तर किती बल लागेल? (उत्तर: सुमारे १६१ न्यूटन)

२. व्यास १४.६३ मीटर आणि मिनिटाला ३२४ फेरे यांवरून पात्याच्या टोकाचा वेग काढा. तो ताशी किती किलोमीटर होतो?

३. पंख्याची गती दुप्पट केली, तर ठिगळाला लागणारे बल किती पट होईल? का?

४. तुमच्या सायकलच्या बिघाडांची यादी करा. प्रत्येकापुढे तिरकी रेघ, वर्तुळातली फुली किंवा फुली यांपैकी एक खूण करा आणि कारण लिहा. मग ती यादी मित्राकडून तपासून घ्या.